निष्ठा बदलण्याची शास्त्रोक्त रीत, मार्गे सुरत

सुरतेच्या पांडेसरा जीआयडीसीत खानदेशी कामगाराला मिल बदलायची तर तो हिशेब करून घेतो आणि शेजारच्या डाइंगमध्ये उभा राहतो. त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. आमदाराला ही सोय नाही. त्याला विधी लागतो.

आधी मुहूर्त. 20 जून 2022 रोजी विधान परिषदेचं मतदान आटोपलं आणि त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे पक्षाच्या काही आमदारांसह ‘नॉट रिचेबल’ झाले. फोन बंद ठेवावा. चार्जर मात्र विसरू नये.

स्थळ निवडताना स्वतःचं राज्य टाळावं. तिथे कार्यकर्ते रडत येतात, क्वचित चिडूनही येतात. सुरतेतल्या डुमस रोडचं ली मेरिडियन हॉटेल त्या मानानं निवांत. पांडेसरा तिथून फार लांब नाही, पण पोलिसांचा बंदोबस्त असा की गाववाल्यांनी भेटायचं म्हटलं तरी जमू नये. यजमानपक्षही घरचाच होता. गुजरात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष आणि नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले.

सोबती पारखून घ्यावेत. आमदार कैलास पाटील वाटेतच सटकले आणि काही अंतर पायी, पुढे मिळेल त्या गाडीनं मुंबईला परतले. आमदार नितीन देशमुख सुरतेला गेले, पण नंतर माघारी फिरले. म्हणून मुक्काम लांबवू नये. 22 जूनच्या पहाटे मंडळी विमानानं गुवाहाटीला गेली, ते यासाठीच असावं.

खरी मेख गणितात आहे. 1967 साली हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेही एकट्यानं. तेव्हा पक्षांतरबंदीचा कायदाच नव्हता. 1985च्या 52व्या घटनादुरुस्तीनं तो आणला, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर माफी ठेवली. 2003च्या 91व्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली. विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशांची अट तेवढी उरली. शिवसेनेच्या 55 आमदारांत हा आकडा 37. तेवढे जमेपर्यंत बोलू नये, जमल्यावर थांबू नये.

शेवटी व्याकरण. ‘पक्षांतर करणे’ हे क्रियापद प्रथमपुरुषी वापरू नये. पक्षांतर नेहमी ‘ते’ करतात. ‘आम्ही’ उठाव करतो. समोरचा याच घटनेला गद्दारी म्हणेल, त्याच्याशी शब्दकोश उघडून भांडत बसू नये. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी 10 जानेवारी 2024 रोजी शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवलं आणि अपात्र मात्र दोन्हीकडच्या कुणालाच केलं नाही. म्हणजे सुरत, गुवाहाटी, गोवा एवढी यात्रा होऊनही सरकारदरबारी पक्षांतराची नोंद निरंकच.