कंसातला नायक

अद्भुतकथेचा नायक ओळखायची रूढ पद्धत सोपी आहे. तलवार कुणाची चमकते आणि शेवटी मुकुट कुणाला चढतो, एवढंच बघायचं. त्या हिशेबाने १९५४-५५ साली तीन खंडांत आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक ॲरागॉर्न. घराणं राजाचं, राहणी वनवाशाची. शिवाय होणाऱ्या सासऱ्याने बजावलेलं, की राजा झाल्याशिवाय मुलगी मिळणार नाही. नायकाला आणखी काय लागतं?

तलवारीचं वावडं असलेले वाचक फ्रोडोकडे बोट दाखवतात. दुष्ट अंगठी ज्वालामुखीत नष्ट करायला त्यानेच वाहून नेली, हे खरंच. पण ज्वालामुखीच्या काठावर पोचल्यावर ती आत टाकायला त्याने साफ नकार दिला. अंगठीच्या लोभाने मागावर असलेल्या गॉलमने त्याचं बोटच चावून तोडलं आणि अंगठीसकट तो आत पडला, म्हणून जग वाचलं.

उरला सॅम गॅमजी. धंद्याने माळी, उंचीने जेमतेम तीन-चार फूट. खिडकीखाली चोरून ऐकताना सापडला, जादूगार गॅन्डाल्फने कान धरून वर ओढला आणि शिक्षा म्हणून मोहिमेवर धाडला. बाकीचे निघाले ते जगाच्या भवितव्याचा विचार करत. सॅमच्या पाठुंगळीला भांडी, चकमक आणि मिठाची डबी. दोर तेवढा घरी विसरला, त्याची चुटपुट त्याला कितीतरी दिवस पुरली. शत्रूच्या वेशीवर ससे मिळाले तर त्याने रस्सा रांधला, आणि बटाटे नाहीत म्हणून हळहळला. पुढे ओझं हलकं करायला ती भांडी शत्रूच्या मुलखातल्या, मॉर्डोरमधल्या भेगेत टाकावी लागली, तेव्हा त्याच्या पोटात जे तुटलं, ते भांड्याकुंड्यांचा संसार केलेल्यांनाच कळावं.

फ्रोडो मेला असं समजून सॅमने अंगठी स्वतःकडे घेतली, तेव्हा तिने त्यालाही भुलवलं. स्वप्न काय दाखवलं? सॅम महावीर झाला आहे आणि त्याच्या हुकमाने सगळं वाळवंट बगीचा झालंय! माळीच तो, त्याने हिशेब केला, की आपल्याला आपल्या हाताने राखता येईल एवढीच बाग पुरे. फ्रोडो जिवंत सापडल्यावर जरासं घुटमळून त्याने अंगठी परत केली. तिकडे शत्रूचे ऑर्क शिपाई कुजबुजत होते, की कुणी अचाट एल्फ योद्धा मोकाट सुटलाय.

ही कथा लिहिणारे टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होते. तिथे पाहिलेल्या साध्या शिपायांवरून आणि अधिकाऱ्यांच्या ऑर्डर्लींवरून सॅम बेतला, असं ते सांगत. १९५१ च्या एका लांबलचक पत्रात त्यांनी सॅमला मुख्य नायक म्हटलं, तेही कंसात! (कंस म्हटलं की मराठी माणसाला मामाच आठवतो, हा विरामचिन्हांतला.) पुढे १९६३ साली त्यांनीच सॅमचा अडाणी आत्मविश्वासही दाखवून दिला. गॉलम पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर असताना सॅम त्याच्यावर खेकसला आणि ती संधी कायमची गेली. म्हणजे नायकाने माफी मागायचीही बाकी राहिली. तरी मत सॅमलाच. अंगठी हातात आल्यावर आपण होऊन परत करणारे या कथेत फार नाहीत.

घरी परतल्यावर सॅमने रोझीशी लग्न केलं, तेरा मुलं झाली आणि गाववाल्यांनी त्याला ओळीने सात वेळा मेयर निवडून दिलं. त्या गावात मेयरचं जवळजवळ एकमेव काम म्हणजे मेजवान्यांचं अध्यक्षपद.