नानांचं दफ्तर

नाना तलाठी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण 'माजी' म्हटलेलं त्यांना खपत नाही. नोकरी तलासरी तालुक्यात काढली, घर डहाणूला. दफ्तर नव्या माणसाच्या ताब्यात दिलं तेव्हा त्यांचं जेवण तुटलं होतं. मग मुलाने जुना मोबाइल खात्यासकट दिला आणि एका दुपारी नानांना खरेदीच्या ॲपमध्ये 'माय ऑर्डर्स' सापडलं. तारीखवार नोंदी, रक्कम, शेजारी बिल! त्या रात्री नाना पोटभर जेवले.

आपण ॲप उघडतो ते काही घ्यायला. नाना उघडतात ते घेतलेलं वाचायला. "अरे, हा सातबाराच आहे," ते म्हणतात. "आमच्या वेळी रद्द नोंद खोडत नसू, कंस करायचो. इथेही बघ, ऑर्डर कॅन्सल झाली तरी ओळ जागच्या जागी." मिक्सर आज पाचशेने उतरला, तरी नोंदीत भाव जुनाच दिसतो. यावर नाना खूश. "भाव उतरला म्हणून कालचं खरेदीखत बदलतं काय?" सर्वांत जुनी नोंद २०१३ची, मुलाने मागवलेल्या बॅटरीची. तिच्यावर पत्ता 'जि. ठाणे'. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला, अख्खा डहाणू तालुका तिकडे गेला, ती बॅटरी मात्र अजून ठाण्यातच आहे.

बिलं तर ते भिंगाने वाचतात. एकदा नातीसाठी पेन्सिलींचा डबा आला. पेन्सिली उंबरगावात बनलेल्या. उंबरगाव म्हणजे डहाणू रोडहून घोलवडच्या पुढे, पण गुजरातेत. माल निघाला होता भिवंडीच्या गोदामातून, त्यामुळे बिलावर केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा कर; तेव्हा पेन्सिलींवर कर होता. हाच डबा थेट उंबरगावहून आला असता, तर आंतरराज्य कर लागला असता. रक्कम तीच, पण हद्द कुठून जाते हे नाना नातीला तासभर समजावत होते. पोरीला फक्त चित्र काढायचं होतं.

इथवर सगळं निरुपद्रवी. पंचाईत अशी, की नानांच्या मोबाइलवरून अर्धी आळी खरेदी करते. ॲप ज्याची त्यालाच यादी दाखवतं. पण खातं नानांचं, म्हणून आळीची यादी नानांची! तलासरीकडचे ओळखीचे लोकही येतात. पाड्याचा पत्ता पार्सलवाल्याला सापडत नाही, नानांचा सापडतो.

एकाचा पंप बिघडला. वॉरंटीसाठी बिल हवं. "भाऊसाहेब, तेवढं बिल काढून द्या."

"अर्ज आणलास?"

"कसला अर्ज?"

"कोऱ्या कागदावर. विषय, ऑर्डर क्रमांक, खाली सही."

"क्रमांक तर तुमच्याच मोबाइलमध्ये आहे!"

"मग आधी क्रमांक मिळण्यासाठी अर्ज कर."

शेजारच्या वहिनींनी एकदा चारचौघांत ठणकावलं, की आपण वजनाच्या भानगडीत कधी पडलोच नाही. नानांनी चष्मा लावला. "मे महिन्यात वजनकाटा आला. जूनमध्ये परत गेला. कारण लिहिलंय, वस्तू सदोष." मग मान वर करून, अगदी मायेने, "काट्यात दोष नव्हता हो, वहिनी."

नानांच्या मनात पाप नाही. कुणाची चहाडी ते करत नाहीत. विचारलं तर नुसता उतारा वाचतात. माणूस विसरतो, फिरवून बोलतो, नोंद तसं करत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. पण वहिनी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि त्याची नोंद कुठल्याच ॲपमध्ये होत नाही.

तेव्हा वाचकहो, दुसऱ्याच्या खात्यावरून मागवायचंच असेल तर पेन्सिली मागवा. वजनकाटा आणि केसांचा कलप मात्र स्वतःच्याच मोबाइलवरून.