डाव क्रमांक ११९८२

कॉम्प्युटरवरून एखादा गेम काढून टाकायचा तर काहीतरी सबळ कारण हवे. जागा अडते, हे कारण माझ्या बाबतीत टिकत नाही. फ्रीसेल नावाचा हा पत्त्यांचा खेळ डिस्कवर इतकी कमी जागा घेतो की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी येऊन पडणारे गुलाबाचे एक फूल त्याहून जड भरेल. फुले ठेवायची आणि पत्ते काढायचे, हा कुठला न्याय? दुसरे कारण वेळ जातो हे. ते आमच्या घरात रोज ऐकू येते. पण वेळ कशानेही जातो. नुसते बसून राहिलो तर जरा जास्तच जातो.

मुळात हा पीसी सोसायटीच्या हिशोबांसाठी आहे. मी खजिनदार. बिनविरोध, कारण दुसऱ्या कोणी फॉर्मच भरला नव्हता. मेंटेनन्सची बिले, सिंकिंग फंड, टँकरच्या पावत्या, सगळे त्याच्या पोटात. त्यावर विंडोज एक्सपी चालते. मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबवली, मी थांबवलेली नाही. दुरुस्तीला येणारा मुलगा दर खेपेला म्हणतो, "काका, हा डबा भंगारात घाला. नाहीतर फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅट मारला की फ्रीसेलमधली माझी सगळी कमाई जाणार. मी त्याला चहा विचारतो.

खेळ अगदी साधा दिसतो. हिरवा पट, आठ रांगा, बावन्न पाने, सगळी उताणी. वर डावीकडे चार मोकळ्या चौकटी, अडलेले पान तात्पुरते ठेवायला. उजवीकडे चार घरे, तिथे एक्क्यापासून राजापर्यंत एकेक रंग चढवत न्यायचा. मधोमध एक छोटा राजा बसलेला असतो. बाण डावीकडच्या चौकटींवर नेला की तो डावीकडे बघतो, उजवीकडच्या घरांवर नेला की उजवीकडे. याखेरीज तो काहीही करत नाही. आमचे चेअरमनसुद्धा सभेत एवढेच करतात, पण राजाला मानधन नाही.

आता या खेळातली खरी गोम. बदामसत्तीत हरलो तर अठ्ठी दाबून बसलेल्या मावशीवर राग काढता येतो. पाच-तीन-दोनमध्ये हातच वाईट आला म्हणता येते. झब्बूत तर सगळे मिळून एकाला छळतात, हे जगजाहीर आहे. पत्त्यांची निम्मी मजा दुसऱ्याला दोष देण्यात असते. फ्रीसेलमध्ये ती सोयच नाही. बावन्नच्या बावन्न पाने पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर. हरलो ते मी, एकट्याने, स्वतःच्या अकलेने. आणि असे हरल्यावर कोणी शांतपणे उठून भाजी आणायला जाऊ शकेल, यावर माझा विश्वास नाही.

पॉल आल्फिल नावाच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या संगणकावर हा खेळ पहिल्यांदा बनवला. पुढे तो भूलतज्ज्ञ झाला. मला याचे जराही नवल वाटत नाही. प्लेटोवरच हा खेळ शिकलेल्या जिम हॉर्न यांनी नंतर विंडोजसाठी लिहिला, आणि त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली: डावांना नंबर दिले. एक ते बत्तीस हजार. म्हणजे माझा ६१७ आणि अमेरिकेतल्या कुणाचा ६१७ अगदी तोच, पान न् पान.

नंबर दिसला की हिशोबी माणसाचे डोके चालू लागते. मी घरात जाहीर केले की बत्तीस हजार डाव क्रमाने सोडवीन आणि त्या दिवशी हा गेम माझ्या हाताने काढून टाकीन. हिने उभ्या उभ्या हिशोब केला.

"रोज दहा म्हटले तरी नऊ वर्षं लागतील. अहो, तोवर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल."

"नाही जाणार," मी म्हणालो. खजिनदार असल्यामुळे मला आतली माहिती असते.

अकरा हजारांच्या पुढे गेलो आणि ११९८२ आडवा आला. काही केल्या सुटेना. काळ्या पानांची सोय लावावी तर लाल अडतात, लाल मोकळे करावेत तर चारही चौकटी भरून जातात. एकच चाल उरली की खिडकीची वरची पट्टी लुकलुकायला लागते. ते लुकलुकणे मला झोपेतही दिसू लागले. शेवटी मुलीने शोधून सांगितले, "बाबा, तो सुटतच नाही." १९९४ मध्ये डेव्ह रिंग नावाच्या माणसाने इंटरनेटवरून स्वयंसेवक गोळा केले आणि बत्तीस हजार डाव त्यांच्यात शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी वाटून टाकले. वर्षभरात सगळे सुटले. उरला एकच, ११९८२. नंतर संगणकांनी त्यातली प्रत्येक वाट चाचपून तोच निकाल दिला. एक्सपीमध्ये डाव दहा लाख केले, त्यातले न सुटणारे अवघे आठ. त्या आठांतला पहिला माझ्या वाटेवर.

म्हणजे माझी प्रतिज्ञा कायदेशीररीत्या पुरीच होऊ शकत नाही. हे ऐकून घरात जो चेहरा झाला तो माझा नव्हता.

एक चोरवाट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-१० एकदम दाबले की खेळ तुम्हाला विचारतो, जिंकायचे आहे की हरायचे. जिंकायचे म्हणा, कुठलेही पान हलवा, जिंकलात. मुलगी म्हणाली, कर की, आणि काढून टाक. पण ताळेबंद जुळत नाही म्हणून 'किरकोळ खर्च' लिहून मोकळा होणारा खजिनदार मी नव्हे. (मागच्या कमिटीत एक होता.)

तत्त्वाचा प्रश्न फक्त याच एका चोरवाटेपुरता. एफ-४ दाबले की जिंकलेल्या-हरलेल्या डावांचा तक्ता येतो आणि लागोपाठ किती जिंकले तेही कळते. डाव अर्धवट सोडला तर तो हरल्यात धरतात. तेव्हा हरायची वेळ आली की कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून खेळाचा गळाच दाबायचा, म्हणजे नोंद होत नाही. जगभरचे सज्जन हे करत आले आहेत. याला मी लबाडी म्हणत नाही, वादग्रस्त रक्कम स्थगित ठेवणे म्हणतो.

असल्या मोहापुढे खुद्द बिल गेट्स टिकले नाहीत. त्यांना माइनस्वीपरचा नाद होता. तो सोडायचा म्हणून त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून गेम काढून टाकला आणि मग एका सहकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्या मशीनवर खेळू लागले. मी हे घरी सांगितले ते गेम काढण्याचा उपयोग नसतो हे पटवायला. घरच्यांनी त्यातून मी आता शेजाऱ्यांकडे जाऊन बसणार एवढेच घेतले.

काढण्याचा प्रयत्नही झाला. मुलीने सिस्टिम-३२ मध्ये शिरून फ्रीसेलची फाइल उडवली. आम्ही तिघे बघत होतो. काही क्षणांत फाइल पुन्हा जागेवर! एक्सपी आपल्या खास फायलींची एकेक प्रत आत दडवून ठेवते आणि कोणी मूळ फाइल काढली की गुपचूप ती भरून देते. विंडोजने कॅल्क्युलेटर आणि फ्रीसेल यांत डावे-उजवे केले नाही, याचे मला मनापासून बरे वाटले. ही पदर खोचून म्हणाली, "भुताटकी आहे." रीतसर काढायचा तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन विंडोजच्या घटकांच्या यादीतून गेम्स शोधायचे, त्यांच्या तपशिलात फ्रीसेलपुढची खूण काढायची आणि नेक्स्ट म्हणायचे. त्या खुणेपर्यंत मी जाऊन आलो आहे. नेक्स्टचे बटण राखाडी नव्हते, हेही मी पाहिले.

मग प्रश्न माझ्या हातून निसटून थेट सभेत गेला. नव्या सेक्रेटरींनी, आयटीतला तरुण आहे, हिशोब मोबाइल ॲपवर न्यावेत असा ठराव आणला. हिशोब गेले की पीसी जाणार, आणि पीसी गेला की बाकी सगळेच. मी उठलो. ज्या मशीनला इंटरनेटची वायरच नाही तिच्यात हॅकर शिरणार कुठून, असा सवाल केला. सभासदांच्या माहितीची सुरक्षितता, ज्येष्ठांची सोय, ॲपचे वार्षिक शुल्क. एकेक पान असे जागेवर बसत गेले की मलाच आश्चर्य वाटले. ठराव पडला.

त्यावर सेक्रेटरींनी उपसूचना मांडली: पीसी राहू द्यावा, मात्र त्यावरील अनावश्यक प्रोग्राम खजिनदारांनी तत्काळ काढून टाकावेत. अनुमोदन शेजारच्या काकूंनी दिले, ज्यांच्याकडे आमच्या हिचे रोज संध्याकाळी जाणे-येणे असते. चेअरमननी आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. मंजूर.

कोणते प्रोग्राम अनावश्यक हे ठरवायला मी लगेच तिघांची उपसमिती सुचवली. तीही मंजूर झाली. निमंत्रक मीच आहे. पहिली बैठक गणपतीनंतर.