जुनी राहू द्या इथंच

जूनचा तिसरा आठवडा, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पाऊस लागलेला. सोसायटीच्या फाटकापाशी शाळेची व्हॅन उभी, आत आठ मुलं आणि किल्ली फिरवून थकलेले व्हॅनवाले काका. "सेल्फ उचलत नाहीये, ताई." मी, वॉचमन आणि दुधवाला, तिघांनी मिळून धक्का दिला. बॅटरीत थोडा जीव शिल्लक होता म्हणून व्हॅन चालू झाली आणि मुलं प्रार्थनेच्या आत शाळेत पोचली. दुपारी काका बॅटरी बदलायला निघाले, तेव्हा मीही सोबत गेले.

मागची बॅटरी त्यांनी ३,८०० रुपयांना घेतली होती आणि ती सत्ताविसाव्या महिन्यात गेली. नवी ४,६०० रुपयांना पडली, तीही जुनी देऊन. काकांनी वॉरंटी कार्ड पुढे केलं. दुकानदाराने आधी व्हॅनच्या नंबरप्लेटचा रंग विचारला. पिवळी पाटी म्हणजे धंद्याची गाडी, तिला वॉरंटीची मुदत निम्मी. कार्डाच्या मागच्या बाजूला ते बारीक अक्षरात छापलेलं होतंच. विकताना मात्र कोणी त्यावर बोट ठेवलं नव्हतं. काकांनी पैसे मोजले, दुकानातल्या पोराने बॅटरी बसवली, काका जुनी उचलून बघायला लागले तशी दुकानदार म्हणाला, "जुनी राहू द्या इथंच."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बॅटरी महागली याची तक्रार सगळेच करतात, मीही करणार आहे. पण मला जास्त टोचतं ते जुन्या बॅटरीचं. ती काकांची होती. तिची किंमत किती धरली हे बिलावर कुठेही नव्हतं. बिलावर एकच ओळ होती: बॅटरी, ४,६०० रुपये.

आधी महागाईचं बघू. मोटारीतली ही बॅटरी काही नवलाईची वस्तू नाही. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं आम्ल या जोडीतून वीज साठवता येते, हे गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच दाखवून दिलं. १९१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ कॅडिलॅक मोटारीत आला, हँडल फिरवून हात मोडण्याचे दिवस सरले आणि बॅटरी मोटारीला कायमची चिकटली. आजही आतली मांडणी तीच आहे: सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडं वर, मिळून बारा. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांतही दिवे, कुलपं आणि स्क्रीन चालवायला बारा व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असतेच, आणि बऱ्याच गाड्यांत ती याच शिशाची असते.

मग भाव का चढतो? शिसं, हे पहिलं उत्तर मिळतं. ते मला अर्धंच पटतं. लंडनच्या धातूबाजारात गेली कित्येक वर्षं शिशाचा भाव टनाला दोन हजार डॉलरच्या आगेमागे घुटमळतोय. घसरला तो आपला रुपया. २०१९ मध्ये डॉलर सत्तरच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. शिशाचा भाव डॉलरात हलला नाही, तरी आपल्याला ते महाग पडलं. शिवाय नुसतं शिसं मऊ असतं, त्याच्या जाळीला ताठपणा यावा म्हणून अँटिमनी किंवा कॅल्शियम मिसळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि जगभर तिचा भाव काही पटींनी वाढला. इथवर कंपन्यांचं म्हणणं मान्य करायला हवं.

दुसरं कारण सरकारी होतं. जीएसटी आला तेव्हापासून शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के कर होता. लिथियमच्या बॅटरीला २०१८ मध्येच १८ टक्क्यांवर आणलं, पण रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन आणि गल्लीतल्या दवाखान्याचा इन्व्हर्टर जिच्यावर चालतो ती बॅटरी आणखी सात वर्षं चैनीच्या वस्तूंच्या रांगेत उभी राहिली. काकांच्या ४,६०० रुपयांत एक हजार सहा रुपये कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये दर १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच धरली तर हीच बॅटरी आता ४,२४० च्या आसपास मिळायला हवी. तुम्ही त्यानंतर बॅटरी घेतली असेल, तर बिल काढा आणि बघा, हे साडेतीनशे रुपये तुमच्या खिशात राहिले की मधल्यामध्ये कुणी ठेवून घेतले.

तिसरं कारण नव्या गाड्यांचं आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, हे खरं. पण दिवसातून दहाऐवजी पन्नास वेळा सेल्फ मारायचा तर साधी बॅटरी तग धरत नाही. तिथे ईएफबी किंवा एजीएम म्हणतात तसली दणकट बॅटरी लागते आणि एजीएमची किंमत साध्या बॅटरीच्या दुपटीच्या घरात जाते. काही युरोपीय गाड्यांत तर नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाला तसं कळवावं लागतं, त्याची मजुरी वेगळी. शोरूममध्ये मायलेजचा आकडा मोठ्या अक्षरात सांगतात. तीन-चार वर्षांनी येणारा हा खर्चही त्याच तोंडाने सांगायला हवा. पूर्वी बॅटरी बसली तर धक्का मारून आणखी दोन महिने ओढता यायची. ऑटोमॅटिक गाडीला धक्का चालत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद.

आणि ऊन. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. थंडीत गाडी चालू झाली नाही की लोक थंडीला बोल लावतात, पण बॅटरी मरते ती उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, पट्ट्यांची झीजही त्याच वेगाने. चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या माराने आतून खिळखिळी झालेली बॅटरी पहिल्या पावसात किंवा डिसेंबरच्या सकाळी मान टाकते. वॉरंटी मात्र महाबळेश्वरला आणि चंद्रपूरला एकच.

वॉरंटीचा हिशेब एकदा बसून मांडाच. डब्यावर मोठ्या अक्षरात ४८ महिने असतं. आत २४ अधिक २४ असतं. पहिल्या चोवीस महिन्यांत गेली तर बदलून मिळते. पुढच्या चोवीसमध्ये नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर काही टक्के सूट मिळते, महिन्यागणिक कमी होत जाणारी. समजा छापील किंमत ६,००० आणि तुमच्या वाट्याला वीस टक्के सूट आली. म्हणजे ४,८०० भरायचे. पण तीच बॅटरी शेजारचं दुकान कुठल्याही गिऱ्हाइकाला, वॉरंटी असो-नसो, तेवढ्यालाच देतं. म्हणजे सूट मिळाली नाहीच, वर जुनी बॅटरी वॉरंटीत जमा म्हणून हातची गेली. याला मी फसवणूक म्हणते. कागदावर सगळं नियमात असेल, तरीही.

आता जुन्या बॅटरीकडे येते, कारण खरा ऐवज तिच्यातच आहे.

लहान मोटारीची बॅटरी उचलून बघा, नऊ-दहा किलो भरते. त्यात निम्म्याहून जास्त, साधारण साठ टक्के, शिसं. म्हणजे सहा किलोच्या आसपास. आणि शिसं मरत नाही. वितळवून पुन्हा पट्टी ओतता येते, पुन्हा, पुन्हा. जागतिक भावाने या सहा किलोंचे हजारभर रुपये होतात. वितळवण्याचा, वाहतुकीचा, मधल्या हातांचा खर्च वजा केला तरी बरंच उरतं. काकांनी नवी बॅटरी घेतली तेव्हा हा ऐवज त्यांनी काउंटरवर ठेवला आणि त्याचा उल्लेखही झाला नाही.

डब्यावर बघा, सगळं छापलेलं असतं. ३८बी२०एल असा आकडा असतो. त्यातला २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि एल म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला ते. ३५ एएच असतं, बारा व्होल्ट असतं, कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, कारखान्याची तारीख सांकेतिक अक्षरांत असते. आत शिसं किती आणि परत दिल्यावर पैसे किती, एवढंच नसतं.

कायद्याने यात लक्ष घातलं नव्हतं असं नाही. २००१ च्या बॅटरी नियमांत विक्रेत्याची जबाबदारी लिहिलेली होती: परत आलेल्या प्रत्येक जुन्या बॅटरीसाठी ग्राहकाला योग्य ती सवलत द्यायची. योग्य म्हणजे किती, हे कोणी ठरवलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले आणि भर उत्पादकावर गेला. त्याने विकलेल्या बॅटऱ्या गोळा होऊन त्यांतला माल परत वापरात यावा, हे बंधन त्याच्यावर आलं. हे पाऊल चांगलं आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण अनामत घेऊन परत करणं किंवा जुनी विकत घेणं या योजना त्यात उत्पादकाच्या मर्जीवर सोडल्या. गिऱ्हाइकाला त्याच्या शिशाचे पैसे दाखवून द्या, एवढी साधी ओळ राहून गेली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना विचारा. तिथे अनेक राज्यांत बॅटरीच्या बिलावर ‘कोअर चार्ज’ अशी वेगळी ओळ असते आणि जुनी परत आणून दिली की तेवढे पैसे हातात पडतात.

हे चार-पाचशे रुपयांचं रडगाणं आहे असं कोणाला वाटेल. काकांना चार-पाचशे रुपये म्हणजे दोन-चार दिवसांचं पेट्रोल आहे, हे एक. दुसरं याहून गंभीर आहे. ज्या वस्तूची किंमत बिलावर येत नाही, ती कुठे गेली हेही कळत नाही. दुकानातून भंगारात, भंगारातून एखाद्या गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे कुऱ्हाडीने डबा फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात आणि उघड्या भट्टीत शिसं वितळवतात. त्या धुरातलं आणि मातीतलं शिसं आसपासच्या पोरांच्या रक्तात जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये अहवाल काढला होता. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं आहे, त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली, असं त्यात म्हटलं होतं. कारणांमध्ये शिशाच्या बॅटऱ्यांची अशी उघड्यावरची मोडतोड वरच्या क्रमांकावर होती. शिशाची निर्धोक अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूवर बसतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. व्हॅनमधल्या आठ मुलांना वेळेवर शाळेत पोचवणारी बॅटरी दुसऱ्या कुठल्यातरी वस्तीतल्या आठ मुलांची अक्कल खाणार असेल, तर ती ४,६०० ला घेतली काय आणि ४,२०० ला घेतली काय!

म्हणून मला दुकानदाराचा राग येतो तो भावासाठी नाही, त्या एका वाक्यासाठी येतो. जुनी इथंच राहू द्यायला हरकत नाही. तिथेच राहायला हवी, तिथूनच नोंद असलेल्या कारखान्यात जायला हवी. पण वजन करून, भाव सांगून, बिलावर लिहून. एकदा कागदावर आली की ती शेडमध्ये गडप करणं अवघड होईल.

गाडी उचलत नसेल तर लगेच बॅटरी बदलू नका, हेही सांगते. आधी टर्मिनलवरचा निळा-पांढरा थर गरम पाण्याने धुऊन काढा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, चालू करण्याआधी, मल्टिमीटर लावून बघायला सांगा. साडेबारा व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, दोष दुसरीकडेही असू शकतो. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेवढे नसतील तर बहुधा अल्टरनेटर नीट चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरीही लवकरच बसेल. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती न करता "सेल गेलाय, बदलावी लागेल" म्हणणाऱ्याकडून उठा आणि दुसऱ्याकडे जा.

काका पुढच्या वेळी बॅटरी घ्यायला जातील तेव्हा मी पुन्हा सोबत जाणार आहे. तुम्ही जाल तेव्हा एवढंच करा: वजनकाटा मागवा, जुनी त्यावर ठेवा, आणि बिलावर तिची वेगळी ओळ लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.