टायरखालचं लिंबू आणि इतर तपासण्या

दसऱ्याला गाडीची पूजा कशी करावी, हे पुणेकराला शिकवण्याचा आगाऊपणा इथे करायचा नाही. बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ आणि चारही टायरखाली एकेक लिंबू, हा विधी सगळ्यांना पाठ आहे. मार्गदर्शन हवं आहे ते एका अवघड जागी: चारही चाकांपाशी वाकायचं, पण टायर मात्र पाहायचा नाही, हे साधायचं कसं? कारण पाहिलं की दिसतं आणि दिसलं की खर्च उभा राहतो. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खाच 1.6 मिलिमीटर उरली आणि कायद्याच्या दृष्टीने तो टायर संपला. एवढं कळायला मेकॅनिक लागत नाही, वाकलेला माणूस पुरतो, आणि तो तर दसऱ्याला आयताच वाकलेला असतो. म्हणून सुज्ञांनी लिंबू ठेवताना नजर हारावर खिळवावी. बॉनेटवर स्वस्तिक काढावं, पण बॉनेट उघडू नये.

या पद्धतीची खरी कसोटी कात्रजला लागते. साताऱ्याकडून येणारी गाडी जुन्या घाटाने वळणं घेत कात्रज चौकात उतरते, नाहीतर नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलापर्यंत सलग उताराला लागते. या दुसऱ्या रस्त्यावर नवखा चालक ब्रेकवर पाय ठेवतो तो काढतच नाही. ब्रेक तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतली ओल शोषत असतं. जितकं जुनं, तितकं पाणी जास्त आणि तितकं ते लवकर उकळतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ब्रेक लागत नाही, आणि पेडल उशीसारखं खाली जातं. हे टाळायला बॉनेटखालच्या अर्धपारदर्शक डबीकडे पाहावं लागतं: पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना, रंग काळपट झालाय का, आणि ते शेवटचं बदललं कधी. दोन वर्षं उलटली असतील तर बहुतेक गाड्यांना ते बदलायला झालेलं असतं. कामाला मिनिटही लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा ते कुणी करत नाही.

उतारावर गाडी न्यूट्रल करून इंधन वाचवणारा पंथही इथे मोठा आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. मायलेजभक्तांसाठी वाईट बातमी अशी, की आजच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधन जवळजवळ तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे इंजिनचा ब्रेकही गेला आणि इंधनही. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम फुकट मिळतो. कदाचित म्हणूनच त्याला किंमत नाही.

यावर आक्षेप येतात. पहिला: सर्व्हिसिंग वेळेवर होतं की! होतं, पण वर्षातून एकदा, नाहीतर काही हजार किलोमीटरनी. हवा दर महिन्याला थोडी थोडी जाते. ती पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहत नाही. दुसरा: काही बिघडलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. इंजिन ऑइलचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत दाब पडल्यावर लागतो, पातळी खाली जायला लागल्यावर नाही. तो दिसेपर्यंत इंजिन ओरखडून घेऊन बसलेलं असू शकतं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: इथे मारतात ते ट्रक, माझ्या कारच्या टायरने काय होणार? बरोबर आहे. मागून येणारा ट्रक तुमच्या डिपस्टिककडे बघून थांबत नाही, आणि रस्त्याचा उतार हा नागरिकाच्या बॉनेटखाली सुटणारा प्रश्न नाही. त्याचा जाब रस्ता बांधणाऱ्यांनाच विचारायला हवा. पण त्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे सांगणारा एकच निरोप्या आहे, तुमचा ब्रेक लाइट. तो गेलेला आहे हे चालकाला आतून कळत नाही. रात्री बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून गाडी लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा: शटरवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडतो का? सोसायटीच्या वॉचमनने कारण विचारलं, तर त्यालाही बघायला लावा.

उरलं कूलंट, इंजिन ऑइल आणि हवा. कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नये. घाट चढून आल्यावर तर नाहीच, उकळतं पाणी तोंडावर येतं. ऑइल तपासायला गाडी सपाट जागी उभी हवी, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत. डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची. कात्रजच्या डोंगरउतारावर राहणाऱ्याला यातली सपाट जागा हीच खरी अडचण, हे मान्य. पेट्रोल पंपाचं आवार बहुधा सपाट असतं आणि हवाही तिथेच मिळते. मात्र टायर थंड असताना मोजायची म्हणून पंप घराजवळचा हवा, घाट उतरून आल्यावरचा नव्हे. तिथला पोरगा नळी हातात घेऊन विचारतो, "किती टाकू?" बहुतेक जण "तीस टाक" म्हणतात, का कोण जाणे. खरा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, पुढच्या-मागच्या चाकांचा वेगवेगळा. तो वाचायला दार उघडून खाली उतरावं लागतं.