आप्पांची कंबर आणि आप्पांचं मशीन

अहो, ऐकलंत का? खालच्या आळीतले आप्पा आडवे झाले! पडले-बिडले नाहीत हो, तसलं काही नाही. ब्रश कटरची दोरी ओढायला नुसते वाकले. एकदा ओढली, दोनदा ओढली, तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन... आणि मशीन राहिलं बाजूला, आप्पांच्याच कमरेत 'कट्' झालं. माई म्हणतात, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. आता माईंचं तुम्हाला ठाऊकच आहे, चार आणे वजा करून घ्यायचे. पण ना धड उभे, ना बसलेले, असे अंगणात अडकले होते एवढं खरं. आणि वरून धो धो!

पावसानं तरी यंदा 2025 साली काय करावं? मुंबईला पोचायची त्याची तारीख 11 जून, आणि हा बाबा 26 मेलाच तिथे हजर. म्हणजे आपल्या कोकणात त्याच्याही आधी. रोहिणी लागतायत न लागतायत तोच! कुणाची आंबापोळी उन्हात, कुणाची लाकडं अंगणात, आणि कोयते-खुरपी पडवीत गंज खात. लोहाराकडे ही रांग पाजवायला. तो काय म्हणाला माहितीये? "मे महिनाभर रिकामा बसलो होतो, तेव्हा कुणाला कोयता आठवला नाही." सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आमचे हेसुद्धा.

तर काय सांगत होते... हां, आप्पा. पुतण्यानं मशीन नेलं बाजारातल्या त्या गॅरेजवाल्या पोराकडे. त्यानं कार्बोरेटर खोलला, तर आतलं जेट गच्च! दिवाळीत गवत कापून झाल्यावर आप्पांनी ते पेट्रोलसकट कोपऱ्यात उभं केलेलं. पेट्रोल उडून गेलं, मागे नुसता चिकटा. शिवाय आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल, ते मेलं ओल ओढून घेतं. पोरगा म्हणाला, "ठेवताना टाकी रिकामी करायची, आणि आत उरलेलं इंजिन चालवून संपवायचं. सात महिने हात लावायचा नाही आणि पहिल्या पावसाला एकदम दोरी खेचायची, कसं सुरू होईल?"

आणि गंमत पुढेच आहे. तोच पुतण्या संध्याकाळी आप्पांना घेऊन डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी कंबर दाबली, पाय उचलून बघितले आणि म्हणाले, "आप्पा, सात महिने झोपाळा सोडायचा नाही आणि पहिल्या पावसाला एकदम दोरी खेचायची, कसं होईल?" पुतण्याला हसू आवरेना! आप्पांना वाटलं दोघांनी ठरवून केलं. चेहरा असा पडला म्हणता... माईंनी वाळूची पुरचुंडी तापवली, निर्गुडीचा पाला आणला, आणि अगदी पलंगाला खिळवून ठेवायच्या तयारीत होत्या. तर डॉक्टर म्हणाले, शेक घ्या हवा तर, पण झोपून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा. पायात मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर मात्र तडक इकडे या.

बरं, हे काहीच नाही. वरच्या घरातल्या वहिनींचं कळलं का? जरा अलीकडे या, गडग्याला कान असतात. मांडवाचे बांबू बांधून, कात्रीनं जास्वंद छाटून त्यांचं बोट अडकलं. मधलं. सकाळी उठल्या तर मिटलेलंच, उघडायला गेलं की टक्कन सुटतं. ट्रिगर फिंगर म्हणतात. दोऱ्यासारखी ती शीर असते ना, ती तिच्या वाटेत अडते. हात जास्त आवळला की होतं. पण डॉक्टरांनी बोट राहू दिलं आणि विचारलं काय, तर "साखर कधी तपासलीत?" मधुमेहवाल्यांना हे जास्त होतं म्हणे. वहिनी गप्प. आणि बरोबर गेलेली सून म्हणाली, "अहो, आईंना साखर कुठे आहे?" तेव्हा वहिनींनी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली! दोन वर्षं घरात पत्ता नाही! म्हणजे त्या हळदीकुंकवाला 'माझा उपास आहे' म्हणून पेढा परत ठेवायच्या, तो उपास हा होता तर. मी म्हणतच होते, यांचे उपास फार झालेत. कुणाला बोलू नका हं, मी तरी फक्त तुम्हाला आणि माईंनाच सांगितलंय.

हां, तर माई. त्यांची काळजी वेगळीच. गणपती 27 ऑगस्टला, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. पडवळ, दोडकी, काकडी, भेंडी, सगळं तोवर धरायला हवं, म्हणजे बी आत्ता पडायला हवं. आणि माईंचं व्रत कडक. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून मागचं परसू दरवर्षी आप्पा कुदळीनं खणतात. आता आप्पांना कुदळ बंद! मजूर मिळतोय कुठे, जो तो लावणीच्या तयारीत. आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, त्या ब्रश कटरला पुढे वीडरचा जोड बसतो, फिरवू या की. माई कडाडल्या, "यंत्रानं खणलेलं ऋषींना चालेल?" आप्पा म्हणाले, "शास्त्रात बैल वर्ज्य आहे, टू-स्ट्रोक नाही!" दोन दिवस अबोला हो! पानात भात पडायचा, शब्द नाही.

शेवटी काल भटजी आले होते वटपौर्णिमेचं बोलायला. माईंनी त्यांच्यापुढेच वाद मांडला. मी तिथेच होते, अळूची पानं मागायला गेले होते. भटजींनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वीडर चालतो की नाही ते मी पोथी बघून सांगतो, आप्पा. पण आधी तो चालतोय का ते बघा." माई पदर तोंडाला लावून आत पळाल्या, आणि आप्पांना हसायलाही येईना, कमरेत कळ यायची ना!