आधी टायर, मग बाकीचं

रविवारी सकाळी आसनगावजवळ मुंबई-नाशिक महामार्गावर उभे राहा. कसाऱ्याकडे निघालेले ठाण्या-मुंबईचे सायकलवाले दिसतील. त्यांतल्या कितीतरी सायकलींची किंमत आपल्याकडच्या जुन्या मोटरसायकलीपेक्षा जास्त असते. त्या बघून आपली पोरं दुकानात जातात, ग्रॅव्हल बाईक मागतात, आकडा ऐकतात आणि गप्प घरी येतात. काही जण हप्त्यावर घेतात, ते तर आणखी वाईट. या पोरांना माझं सांगणं एवढंच आहे की तुम्हाला लागणारी सायकल बारा-पंधरा हजारांत उभी राहते. पैसा कुठे घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, तेवढं कळलं पाहिजे.

ही ग्रॅव्हल बाईक वाढली ती अमेरिकेतल्या कच्च्या रस्त्यांवर. कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या छोट्या गावात 2006 साली दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि तिथून हा प्रकार जगभर गेला. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. वाकवलेलं हँडल, जाड टायर, डांबरावर वेग आणि खडीवर पकड, असा सगळा मामला. दुकानात तिची सुरुवातच चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास होते, पुढे लाखांत जाते.

अशा सायकलीची खरी गरज कुणाला असेल तर ती आपल्याला. शहापूर, शेणवे, किन्हवली, सरळगाव करत मुरबाड गाठा. एका फेरीत डांबर, खड्डे, खडी, मुरूम आणि चिखल सगळं भेटतं. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली या 548 अ महामार्गाचं काम किती वर्षं रखडलं ते इथल्या प्रत्येक एसटी प्रवाशाच्या कंबरेला विचारा. पाड्यांकडे वळलात की खडीकरण झालेलं असतं आणि डांबरीकरण पुढच्या निधीची वाट बघत असतं. मुरबाडला आजही रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला खुला झाला, पण त्यावर सायकलच काय, मोटरसायकललाही मज्जाव आहे. रोजचं जाणंयेणं खालच्या रस्त्यावरूनच. म्हणून इथे सायकल चांगलीच हवी, आणि ती खिशाला परवडलीच पाहिजे.

तर डोंबिवली-ठाण्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जा. तिथे गिअरच्या 26 इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, धूळ खात पडलेल्या असतात. चार-पाच हजारांत सौदा होतो. घेताना रंग बघू नका. पुढचं चाक उचला, फिरवा आणि ब्रेकच्या गुटक्याजवळ डोळा लावा. रिम आणि गुटका यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहिली तर चाक सरळ. फट कमी-जास्त होत असेल तर चाक आउट आहे. थोडं असेल तर तारा आवळून निघतं. मग हँडलखालच्या नळीच्या जोडावर बोट फिरवा. तिथे रंगाला बारीक चीर दिसली तर सायकल ठेवा आणि निघा. फ्रेम चिरलेली असेल तर फुकटसुद्धा महाग.

शक्यतो साध्या, सरळ चिमट्याचीच बघा. स्वस्तातल्या सायकलींवरचा शॉकर हा मला या धंद्यातला सर्वांत चीड आणणारा प्रकार वाटतो. त्याचं वजन चढावर तुम्ही वाहायचं, पावसाळ्यात गंजून तो जॅम होणार, आणि खडीचा हादरा जाड टायर त्याच्यापेक्षा बरा खातो. पोरांना तो डौलदार दिसतो म्हणून कंपन्या लावतात आणि त्याचे पैसे बापाकडून वसूल करतात.

पहिला पैसा टायरात. टायरच्या कडेला बारीक अक्षरात 50-559 असा आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 26 इंची एमटीबीची रिम 559 ची. तिच्यावर दोन इंच रुंदीचा टायर घ्या. मध्यभागी नक्षी सलग आणि कडेला गुठळ्या असलेला, कारण आपला निम्मा प्रवास डांबरावर होतो. लुधियानाच्या राल्को, राल्सनसारख्या कंपन्यांचे टायर परवडतात. जोडी आणि ट्यूब मिळून दोन हजारांच्या आसपास धरा. हवा दगडासारखी टणक भरू नका. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला खडीवर 35 ते 40 पीएसआय पुरते. अंगठा जोरात रोवला की टायर किंचित दबला पाहिजे. टणक टायर खडीवरून उडतो, पकड सोडतो आणि मनगटं दुखवतो.

दुसरा पैसा गिअरात. दूधवाल्यांची काळी सायकल उदाहरणादाखल घ्या. पुढे साधारण 44 दात, मागे 18, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम. डोळखांबकडचे चढ किंवा माळशेजची वाट लागली की माणूस उतरून ढकलतो. आता एमटीबीला पुढे 28 दातांची चकती आणि मागे 34 दातांचं मोठं फ्रीव्हील लावा. एका फेरीत पावणेदोन मीटरही नाही. सायकल हळू चालेल, पण पाठीवर पिशवी असतानाही चढेल. हे फ्रीव्हील हजाराच्या आतबाहेर मिळतं. आपल्या भागात चढासाठी याहून मोठी सोय दुसरी नाही.

वाकवलेल्या हँडलचा हट्ट सोडा. फोटोत ते छान दिसतं, हे कबूल. पण त्याच्यामागे ब्रेकचे आणि गिअरचे दांडे बदलावे लागतात. त्या हँडलचे साधे दांडे केबल कमी खेचतात आणि एमटीबीच्या व्ही-ब्रेकला केबल जास्त खेचली जावी लागते. परिणाम असा की दांडा पूर्ण दाबला तरी ब्रेक अर्धाच लागतो. गिअरचीही तीच रड. सगळं नीट जुळवायचं तर जितक्यात सायकल घेतली तितकेच पुन्हा लागतात. सरळ हँडलच्या दोन टोकांना शिंगं लावून घ्या. हात ठेवायला दुसरी जागा मिळते, चढावर जोर लावता येतो, काम दोन-तीनशे रुपयांत होतं.

ब्रेकबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. पावसात खडीची कच गुटक्याच्या रबरात रुतते आणि अॅल्युमिनियमची रिम कानशीसारखी घासून काढते. आठवड्यातून एकदा चाक काढा, गुटका उजेडात धरा आणि चमकणारे कण सुईने उकरून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. केबल दर पावसाळ्याआधी नवी टाका. ब्रेकची केबल तुटायची वेळ बहुतेकदा उतारावरच येते, कारण तिथेच दांडा सगळ्यात जोरात दाबला जातो.

नवीच घ्यायची असेल तर साध्या चिमट्याची हायब्रीड घ्या, डिस्क ब्रेकची, आणि फ्रेममध्ये 42 मिलिमीटरचा टायर मडगार्डसकट बसतो का ते दुकानातच टायर लावून बघा. सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. वीस हजारांच्या मूळ किमतीवर हा फरक 1,400 रुपयांचा होतो, म्हणजे टायरच्या जोडीचा बराचसा खर्च. पक्कं बिल मागा आणि करकपात तुमच्यापर्यंत पोचली की दुकानातच मुरली ते तपासा.

आणि हे सगळं काम गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. हबमधले छर्रे काढून, कोन घासलाय का बघून, ताजं ग्रीस भरून चाक परत बसवणारा माणूस अजून तुमच्या नाक्यावर आहे. त्याला त्या तासाभराचे पन्नास रुपये देताना घासाघीस करू नका. हप्त्यावर पन्नास हजार घालवायला तयार असलेला माणूस इथे दहा रुपयांसाठी भांडतो, तेव्हा मला संताप येतो. ती दुकानं बंद पडली तर छर्रे बदलायलाही कल्याण गाठावं लागेल.

एक मागणी शाळांकडेही आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5,000 रुपये मिळतात. योजना चांगलीच आहे. पण त्या पैशांत बहुतेकदा पातळ टायरची लेडीज सायकल घेतली जाते, जिची रिम 590 ची असते. दोन इंची टायरची रिम 559 ची, त्यामुळे तो जाड टायर त्या सायकलीवर पुढे कधी चढवताच येत नाही. मुलगी पाड्यावरून खडीच्या रस्त्याने शाळेत येणार आणि तिच्याखाली शहरातल्या गुळगुळीत रस्त्याची सायकल, हे बरोबर नाही. मुख्याध्यापकांनी पालकांना खरेदीआधी बोलवावं, फळ्यावर 559 हा आकडा लिहून द्यावा आणि दुकानात टायरवर तोच बघून घ्यायला सांगावं.